३१५ चं बोल्ट हेड: ३०३ चं बसेल का?

दादा (स्नेहलतागंज):
मंडळी, अप्पांच्या ३१५ बोअरच्या रायफलीला तेल देताना दिसलं, एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) जीभ तुटलीय. डमी काडतूस आत जातं, बाहेर येत नाही. भाचा शुक्रवारी न्यू जर्सीहून निघतोय. म्हणतो, तिकडे ली-एनफील्डचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश ३०३ रायफलीचं, बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं टोक) स्वस्तात मिळतं, सुटकेसमध्ये टाकून आणतो. आपली ३१५ म्हणजे शेवटी ली-एनफील्डच ना? लवकर सांगा.

सुभेदारकाका (महू):
कुठलं ली-एनफील्ड? नंबर ४ मॉडेलचं असेल तर सोडाच. त्याचं हेड रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) आतल्या खाचेतून सरकतं, जुन्या नंबर १ चं उजव्या कडेला बाहेरून अडकतं. आपली ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली ३१५ नंबर १ च्या घराण्यातली. पण घराणं एक म्हणून हेड बदलता येत नाही. ते आट्यांवर फिरवून बसवतात. दुसऱ्या रायफलीचं लावलं की हेडस्पेस, म्हणजे काडतुसाला बसायला बोल्टपुढे मिळणारी जागा, बदलते, आणि गेज (मापाचं साधन) लावल्याशिवाय ती डोळ्याला दिसत नाही. बोल्टवर नंबर उगाच कोरत नाहीत.

काका (रामबाग):
सुभेदारसाहेब, घराण्याचं बरोबर, पण काडतूस वेगळं. ३१५ चं मूळ ऑस्ट्रियाचं, ८×५० आर मॅनलिचर. ३०३ ची पुंगळी ५६ मिमी, याची ५०, आणि रिम (बुडाची कडा) याची जास्त रुंद. ३०३ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी, म्हणून ही शक्कल. आमचे आजोबा होळकरांच्या शिकारखान्यात कारकून होते. बंदूक कधी हाती धरली नाही, पण काडतुसांचा हिशेब एका गोळीनेही चुकला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर उरल्या त्या भिंतीवरच्या खुंट्या.

सुभेदारकाका (महू):
रिमचं मान्य. शिकारखान्याचं दर कोजागिरीला ऐकतो.

वहिनी (लोकमान्य नगर):
दादा, आधी भाच्याला फोन लावा! आर्म्स ॲक्ट १९५९ च्या व्याख्येत 'आर्म्स' म्हणजे सुटे भागसुद्धा. बाहेरून आणायला परवाना लागतो. बसेल की नाही हा प्रश्न नंतरचा, कस्टमवाला ते विचारत बसणार नाही. पोराचा व्हिसा, नोकरी, काहीतरी विचार करा.

दादा (स्नेहलतागंज):
वहिनी, एवढुसा तुकडा आहे हो, चकलीएवढा.

वहिनी (लोकमान्य नगर):
मग चकलीच आणायला सांगा.

यादी सांभाळणारा:
ही ईमेल यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. कोजागिरीचं दूध किती लिटर, याचं उत्तर तिघांनीच दिलंय. आणि मोठं पातेलं गणपतीपासून कोणाकडे आहे?

सुभेदारकाका (महू):
पातेलं माझ्याकडे नाही. दादा, रात्री डोक्यात आलं: हेड बदलायचंच कशाला? तुटलाय एक्स्ट्रॅक्टर. तो हेडमध्ये एका स्क्रूवर असतो. हेड आपलं तेच ठेवा, एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग एवढंच बदलून घ्या, म्हणजे हेडस्पेसला धक्का नाही. घरी पेचकस घालू नका, त्या स्क्रूची खाच लगेच झिजते. लायसनवाल्या दुकानातच द्या आणि ३१५ चं काडतूस पकडून दाखवायला सांगा. ३०३ चं नको.

काका (रामबाग):
आणि दुकानाची पावती घ्या. मागच्या निवडणुकीत माझी दुरुस्तीला होती, पोलीस ठाण्यात जमा करायची मुदत आली. पावती सापडेना. दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसलो, तिथलेच पोहे खाल्ले.

दादा (स्नेहलतागंज):
भाच्याला 'आणू नको' म्हणून सांगितलं. थोडा रुसला, लिलावात बोली लावून बसला होता. उद्या लायसन घेऊन दुकानात जातो. पातेलं आमच्याकडे आहे, तळाला जरा करपलंय.