सापसुरळी आमच्या अंगणातली

सापसुरळी विषारी असते का, हा प्रश्न आमच्याकडे दर पावसाळ्यात एकदा निघतोच. नसते. तिचे पाय एवढेएवढेसे आणि अंग तुळतुळीत, त्यामुळे पटकन सापच वाटतो आणि बिचारी झाडूखाली जाते.

आम्ही पुण्यात सहकारनगरला, पर्वतीच्या पायथ्याशी राहतो. कुंड्यांच्या मागे विटांचा ढीग आहे, तो मुद्दाम हलवलेला नाही. सकाळी नऊच्या सुमारास ऊन आलं की सापसुरळीबाई बाहेर येऊन विटेवर पसरतात. मी झाडांना पाणी घालत असलो तरी हलत नाहीत, फक्त मान वळवून बघतात. मागे मांजराने झडप घातली तेव्हा शेपूट तिथेच वळवळत राहिलं आणि ही पसार! नवीन शेपूट आलं, पण रंगाने वेगळं, म्हणून तर ती ओळखू येते. त्यात हाडाऐवजी मऊ, लवचिक कूर्चा असते म्हणे.

घरात ट्यूबलाइटमागे दोन पाली आहेत. त्यांना पापण्या नसतात, जिभेने डोळे पुसतात. एकदा निवांत बघा. आईला मात्र अजून त्या चुकचुकल्या की 'सत्य, सत्य' म्हणत टिचक्या मारायच्या असतात.

कीटकनाशक तेवढं मारू नका. किडे गेले की यांचं जेवण गेलं. आणि पाणी साठवायच्या बादलीत एक काठी तिरकी ठेवा, आत पडलेली पाल चढून बाहेर येते. हे मी दोन मेलेल्या पाली काढल्यावर शिकलो.