कोंबडीचं भ्रूण, पॅक्स-६ची इन-सिटू: भिंगाच्या जागी रंग नाही

प्राणिशास्त्र_एमएस्सी (सोलापूर):
होल-माउंट इन-सिटू करतेय, म्हणजे अख्ख्या भ्रूणात पॅक्स-६ हे डोळा घडवणारं जीन कुठे चालू आहे ते रंगाने बघतेय. अंडी हॅचरीची, फलित. ३८ अंशांवर ४८ आणि ७२ तास उबवली. प्रोब (जीनच्या आरएनएला चिकटणारा तुकडा) साधारण ८०० बेसचा, प्रोटिनेज-के (प्रोब आत शिरावा म्हणून ऊती सैल करणारं एन्झाइम) १० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., सगळ्यांना सरसकट २० मिनिटं.
एकाच ट्रेमधली ४८ तासांची भ्रूणं कुठे १२ सोमाईटची (पाठीतले खंड, वाढीबरोबर वाढत जातात), कुठे २४ची. त्यांत ऑप्टिक व्हेसिकल (डोळ्याची आतली पिशवी) छान जांभळी होते, पण वरचा एक्टोडर्म (बाहेरचा पेशीथर), ज्याचं पुढे भिंग होतं, तो कोराच. ७२ तासांच्यांत मात्र डोळ्याच्या पोकळीत सेन्स प्रोबलाही (कंट्रोल, ज्याला रंग यायला नको) रंग चढतो. चुकतंय कुठे?

सोमाईट_मोजा:
पहिलं कोडं, एकाच ट्रेमध्ये वाढ वेगवेगळी, हे हवेचं. अंडं २०-२१ अंशांच्या वर गेलं की भ्रूण हळूहळू वाढू लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीला असतो. ट्रे कडेला होता की मधे, एवढ्यानेही फरक पडतो. अंडी पहाटे थर्माकोलच्या खोक्यात आणा, उबवेपर्यंत १३ ते १६ अंशांवर ठेवा, आठवड्याच्या आत वापरा. आणि वहीत तास नकोत, हॅम्बर्गर-हॅमिल्टन स्टेज (कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीचे ठरलेले टप्पे) लिहा: १० सोमाईट म्हणजे स्टेज १०, १६ म्हणजे १२, १९ म्हणजे १३, २२ म्हणजे १४.

जांभळा_डाग:
एक्टोडर्म कोरा नाही हो ताई, तो बहुतेक जाग्यावरच नाही! एवढ्या लहान भ्रूणाला २० मिनिटं म्हणजे सालपटच निघणार. पॅक्स-६ आतल्या व्हेसिकलमध्येही असतं आणि वरच्या एक्टोडर्ममध्येही. वरचा थर विरघळला की फक्त आतला रंग उरतो आणि जीन तिथे नाहीच असं वाटतं. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली डोक्याची कड बघा, फाटकी, झिरझिरीत दिसेल. स्टेज १२-१४ला ३ ते ५ मिनिटांपासून सुरुवात करा. एन्झाइमची प्रत्येक बाटली वेगळी चालते, म्हणून नवी आली की दोन-तीन भ्रूणांवर वेळ ठरवून घ्या. त्यानंतर ट्यूब हलवू नका. द्रव पिपेटने अलगद काढा आणि ताज्या ४ टक्के पीएफएमध्ये (पॅराफॉर्मल्डिहाइड) ०.१ टक्के ग्लुटराल्डिहाइड घालून २० मिनिटं पुन्हा फिक्स करा. ही पायरी गाळली तर ६५-७० अंशांच्या हायब्रिडायझेशनमध्ये (प्रोब चिकटवण्याच्या पायरीत) उरलेलंही सुटतं.

७२ तासांचा रंग हा अडकलेला प्रोब. तोवर भिंगाची पिशवी मिटलेली असते, धुण्याचं पाणी आत पोचत नाही. फिक्स केल्यावर, मेथॅनॉलच्या आधी, इन्शुलिनच्या सुईने डोळ्याला आणि मेंदूच्या पोकळ्यांना एकेक भोक पाडा.

प्राणिशास्त्र_एमएस्सी:
कड खरंच फाटकी आहे! पण ७२ तासांच्या काहींत डोळा फिकट करडा दिसतो, तोही अडकलेलाच का?

जांभळा_डाग:
नाही, तो मेलॅनिन. स्टेज २०च्या आसपास डोळ्यात रंगद्रव्य दिसू लागतं. प्रोटिनेजच्या आधी ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करा, आणि प्रोब न लावलेलं एक भ्रूण शेजारी ठेवून बघा. खात्रीला एकाचे १२ मायक्रॉनचे क्रायोसेक्शन (गोठवून कापलेले पातळ छेद) घ्या: खरा सिग्नल पेशींच्या आत असतो, अडकलेला पोकळीत तरंगतो.