"मनाने लॉगिन करतात ना, मग कायदा कशाला?"

कोराकागद: काल इथे एकाने लिहिलं, "ॲपवर काम करायची कुणी जबरदस्ती केली नाही, मनात आलं तर लॉगिन, नाहीतर लॉगआऊट, मग कायदा कशाला?" डोकंच फिरलं वाचून. मी तीन वर्षं डिलिव्हरी केलीय. लॉगिन आपल्या मनाने, खरंय, पण रेट कोण ठरवतं, ऑर्डर कुणाला द्यायची कोण ठरवतं, दोन नाकारल्या की तिसरी यायला तासभर का लागतो? ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या केसमध्ये हेच बघितलं, कागदावर काय लिहिलंय ते नाही, लगाम कुणाच्या हातात आहे ते. म्हणून ड्रायव्हरांना किमान वेतन आणि पगारी सुट्टीचा हक्क मिळाला.

उनाडपाऊस: मीच लिहिलं होतं, मागे घेणार नाही. स्पेनने २०२१ मध्ये रायडर कायदा आणला, म्हणजे डिलिव्हरी करणारा कंपनीचा नोकर धरायचा, आणि त्याच नोव्हेंबरात डिलिव्हरू या डिलिव्हरी कंपनीने तिथलं काम बंद केलं. रायडरच्या हातात काय आलं? माझा भाऊ दिवसा कॉलेज करून रात्री गाडी चालवतो, त्याला शिफ्ट लावलीत की शिक्षण संपलं त्याचं.

कोराकागद: अर्धंच सांगताय. तिथेच ग्लोवो या दुसऱ्या डिलिव्हरी कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये रायडरना नोकरीवर घेणार म्हणून जाहीर केलं. आणि कायदा आला की शिफ्ट लागते हे कुणी सांगितलं?

चाकोरीबाहेर: तुमचं नोकरी की धंदा चालू द्या, खरं दुखणं आयडी ब्लॉकचं आहे. माझी एका रात्रीत बंद केली, कारण काय तर "अटींचा भंग". कुठली अट? सपोर्टला चौदा मेसेज टाकले, चौदाही वेळा तेच छापील उत्तर, इकडे गाडीचा हप्ता थांबत नाही. अकराव्या दिवशी आपोआप चालू झाली.

उनाडपाऊस: दुसऱ्याच्या आयडीवर चालवणारेही असतात. कंपनीने ब्लॉक करूच नये का?

चाकोरीबाहेर: मी चोर आहे असं म्हणायचंय का? सरळ बोला. करा ब्लॉक, पण माणसाने करा आणि कारण लेखी द्या. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या निर्देशात हेच तर आहे, अकाउंट बंद करायचा निर्णय माणसानेच घ्यायचा.

उनाडपाऊस: तुम्हाला चोर म्हटलं नाही, लागलं असेल तर सॉरी. आयडीचं मान्य. बाकी विरोध कायम.

रात्रपाळी: वेटिंगचं कुणीच बोलत नाही. कॅलिफोर्नियात २०२० च्या प्रॉप २२ साठी, म्हणजे ॲपवाल्या ड्रायव्हरांना नोकर न धरण्याच्या प्रस्तावावरच्या मतदानासाठी, कंपन्यांनी २० कोटी डॉलरच्या वर ओतले. त्यात किमान वेतनाच्या १२०% ची हमी आहे, पण ऑर्डर घेतल्यापासून पोचेपर्यंतच. मधे उन्हात उभे राहिलो ते काम नाही?

उनाडपाऊस: भावाला आत्ताच विचारलं. काल सहा तास लॉगिन, ऑर्डरवर साडेतीन. उरलेल्या अडीच तासांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. शिफ्ट मात्र त्यालाही नकोच आहे.