हसवणारी वल्ली, जी परत परत भेटावीशी वाटतात: तुमचं कोण?

मांडवीकर:
मासेमारीची बंदी लागायच्या आधी शेवटचे ताजे बांगडे मिळतात का बघायला मिरकरवाड्याला गेलो होतो. पुढे एक आजोबा, काखेत छत्री. कोळणीने भाव सांगितला तसे म्हणाले, "बाय, हा बांगड्यांचा की होडीचा?" ती मान वर न करता म्हणाली, "होडीचा असता तर तुम्ही इथं उभे राहिला असतात होय?" आजोबा गप्प बसतील तर शपथ. "नाही, होडी घेतली तर वल्ही फुकट देणार का, तेवढंच विचारत होतो."

झालं. अख्खी वाट डोक्यात अंतू बर्वा. घरी येऊन मासे आधी सिंकमध्ये टाकले आणि पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' काढलं. १९६२ चं पुस्तक, माझ्याकडची प्रत बाबांची, कव्हर कधीच गेलंय. शाळेत असताना अंतूशेठच्या टोमण्यांना लोळून हसायचो. आता वीज आल्यावरचं त्याचं ते दारिद्र्याबद्दलचं बोलणं आलं की हसू अर्ध्यात अडकतं. तरी दर पावसाळ्याच्या तोंडावर पुस्तक निघतंच निघतं.

तर तुमचं असं पात्र कोणतं? पुस्तक, नाटक, दशावतार, काहीही चालेल. पात्र कोकणातलं असायची अट नाही, तुम्ही इथले असलात की झालं.

गरेवाली:
फणस सोलत्ये, हाताला तेल आहे, टायपिंग सांभाळून घ्या. माझा नारायण!! आमच्या धाकट्या भाऊजींना अख्खं घर नारायणच म्हणतं. मे महिन्यात चुलत नणंदेचं लग्न झालं. मांडववाला, आचारी, बँडवाले, सगळ्यांचे नंबर यांच्याच खिशात. फोटो आले तर भाऊजी एकाही फोटोत नाहीत. एका फोटोत फक्त हात आहे, अक्षतांचं ताट धरलेला.

चिपळूणचा जुना वाचक:
अंतूशेठ विनोदी कसा काय? कारल्यात गूळ घातला तरी कारलंच. मला तर तो वाचून रात्री झोप लागत नाही.

मांडवीकर:
रत्नागिरीत कडू बोलणाऱ्यालाच विनोदी म्हणतात. गोड बोलणारा आला की आम्ही दाराला आतून कडी घालतो.

देवबागचो झील:
तात्या सरपंच, दुसरो कोण! 'वस्त्रहरण', १९८० चा, गंगाराम गवाणकरांनी लिवलेला, आणि तात्या म्हणजे मच्छिंद्र कांबळी. लोकांका वाटता गावच्या नाटकाचा सगळा वाढवून लिवलेला हा. मेल्यांनो, आमच्या वाडीच्या तालमीक येवा एकदा. मागच्या गणपतीत ऐतिहासिक नाटक होता. औरंगजेब बोटीर खलाशी. वारो सुटलो, बोट आसऱ्याक देवगडाक गेली. प्रयोगाच्या राती औरंगजेब देवगडात आणि दिल्लीचा तख्त रिकामा. मगे आमच्या शिवाजीन फुडे येवन सांगल्यान, "औरंग्या माका भियान देवगडाक पळालो!" काय टाळये पडले म्हणान सांगू. पण औरंगजेब रुसलो तो रुसलोच. म्हणता, माझ्या पाठीमागे माझी बदनामी केल्यात.

गरेवाली:
अगं बाई 🤣🤣 फणसाचा चीक लागला फोनला

घाटावरची सून:
मला अर्धंच कळलं म्हणून नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं. तो 'देवगडाक' पर्यंत आला आणि पुढे वाचायलाच तयार नाही, नुसता मांडी बडवतोय. सासूबाई आतून विचारतायत काय झालं म्हणून. आता त्यांना कोण सांगणार.

बंदररोडचा गटणे:
आयडीवरून कळलंच असेल. रत्नागिरी नगर वाचनालयात रोज संध्याकाळी पडीक असायचो (संस्था १८२८ ची, बाहेरच्यांना हे सांगितल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही). एक दिवस मराठीच्या सरांनी भर वर्गात सखाराम गटणे म्हणून हाक मारली, ती दहावीपर्यंत चिकटली. रागारागाने मूळ लेख वाचायला घेतला आणि पंचाईत झाली, कारण मी खरोखरच तसा बोलायचो. आईला "मातोश्री, क्षुधा लागली" म्हटल्यावर एक धपाटा मिळाला होता. त्या पोराला सगळे हसतात, मला मात्र त्याची काळजी वाटते. लग्न झालंय आता, बायको भांडण झालं की अजून "बोला गटणे" म्हणते.

वेंगुर्ल्याची माई:
माझे चिमणराव. आई शेवटी अंथरुणाला खिळली होती, माणसं ओळखेना. मला ताई म्हणायची, शेजारणीला आई. दुपारी तिच्याजवळ बसून चिं. वि. जोशी वाचायचे. माझं नाव विसरली पण काऊ, मोरू, मैना, राघू ही नावं कधी चुकली नाहीत. गुंड्याभाऊ सोटा घेऊन आला की मी पुढचं वाचायच्या आधीच ही हसायला लागायची. डोळ्यांपुढे तिच्या बहुतेक दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे असणार, मामाकडे गिरगावात चाळीत बघितलेले, खोलीत माणसं आणि खिडकीत डोकी. आता मी एकटी वाचते. हसते पण.

गरेवाली:
माई 🙏 काय बोलू.

चिपळूणचा जुना वाचक:
माई, वाचून गलबलून आलं. चिं. वि. बडोद्याला पाली शिकवायचे. एवढा भारदस्त विषय शिकवणारा माणूस स्वतःच्याच पांढरपेशा जातीची इतकी टिंगल करतो आणि कुणाला राग येत नाही, हे मला अजून जमलेलं नाही. मी बायकोच्या माहेरच्यांवर एक वाक्य बोललो तर आठवडाभर आमटीत मीठ नसतं.

सोलं वाळत घातलीत:
माझे रावसाहेब! व्यक्ती आणि वल्लीतले सगळ्यात भारी. त्यांच्या शिव्यासुद्धा ओव्यांसारख्या वाटतात.

बंदररोडचा गटणे:
रावसाहेब 'गणगोत'मधले. शिवाय ते बेळगावचे खरेखुरे गृहस्थ, कल्पनेतले नव्हेत. धाग्याच्या विषयात बसत नाहीत.

सोलं वाळत घातलीत:
आले बघा गटणे. माझ्या कपाटात दोन्ही पुस्तकं शेजारी आहेत, रावसाहेब मधली भिंत पाडून इकडे आलेत. तुमची काय हरकत?

मांडवीकर:
तक्रार फेटाळली. रावसाहेबांना कोण थांबवणार. आणि सोलं वाळत घातलीत तर कोकमाचं आगळ विकता का? आमचं संपलंय.

सोलं वाळत घातलीत:
विकत नाही, देते. बाटली तुमची आणा. वास नसलेली. गेल्या वेळी एकाने फिनेलची धुऊन आणली होती.

आचऱ्याचा पाहुणा:
हरितात्या आठवतात ना, इतिहास सांगताना स्वतः तिथं हजर असणारे? आमच्या आजीचे भाऊ डिट्टो. मालवणला पाहुणे आले की सिंधुदुर्ग दाखवायचं काम त्यांच्याकडे. मोरयाच्या धोंड्याजवळ उभे राहून सुरू, "१६६४ साल. महाराज हय हुबे. बाजूक मी." मग पायाच्या चिऱ्यांत शिसं कसं ओतलं ते सांगताना स्वतःचा हात पोळल्यासारखा झटकायचे. एका पाहुण्याने विचारलं, आजोबा तुमचं वय काय? शांतपणे म्हणाले, "महाराजांनी कधी इचारूक नाय, तू कोण इचारणारो?" शाळेत त्या प्रकरणात मला पैकीच्या पैकी मार्क होते. फक्त एका उत्तरात मामाआजोबांचं नाव आलं होतं, ते बाईंनी लाल पेनाने खोडलं.

कुडाळ तिठा:
पुस्तकांचं झालं, आता आमचो दशावतारातलो संकासूर. जत्रेत रात्री जेवणं आटपून पेटी-पखवाज-झांजा लागल्या की काळा झगा आणि लाल जीभ घेऊन येतो. वेद चोरणारा राक्षस, शेवटी विष्णू मारणार हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण मरायच्या आधी जे बोलून घेतो त्यासाठी गाव जागतो. संवाद लिहिलेले नसतात ना. गेल्या वर्षी आमच्याकडे त्याने गावातल्या अर्धवट राहिलेल्या साकवाची चौकशी केली. म्हणाला, वेद मी चोरलंय हां, पण साकवाचो सिमेंट माझ्याकडे नाय. पुढच्या रांगेतली दोन माणसं चहाला म्हणून उठली ती परत आली नाहीत.

गुहागरची पोर:
आमच्याकडे संकासूर शिमग्यात घरोघरी येतो, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तुमचा वेगळा दिसतोय. मी लहानपणी धान्याच्या कणगीमागे लपायचे, आणि तो गेला की रडायचे, इतक्या लवकर का गेला म्हणून.

कुडाळ तिठा:
नाव एक, सोंगं दोन. तुमचा मारतो का?

गुहागरची पोर:
पळालं तर मारतो. उभं राहिलं तर नाचायला लावतो. मार परवडला.

अकरावी सायन्स:
फास्टर फेणे कोणीच नाही?? ट्टॉक! भा. रा. भागवत!! बाकी तुम्ही सगळे खूप जुने आहात

चिपळूणचा जुना वाचक:
बाळा, फेणे आम्ही वाचत होतो तेव्हा तुझे बाबा रांगत होते. अभ्यास कर.

अकरावी सायन्स:
अंतूशेठ सापडले चिपळूणला 😄

गरेवाली:
गरे तळून झाले, धागा अजून चालूच. माई, कधी वेंगुर्ल्याला आले तर तुमच्याकडे चिमणराव ऐकायला येईन, चालेल ना?

वेंगुर्ल्याची माई:
ये ना गो. चहा मी करते, वाचायचं तू. माझा चष्मा बदलायचा आहे.

घाटावरची सून:
देवबागवाले, आमचे हे विचारतायत, यंदा औरंगजेबाची जागा रिकामी आहे का? मालवणी पक्की आहे, दाढी स्वतःची आहे, आणि समुद्राला घाबरतात त्यामुळे होडीत पाय ठेवत नाहीत.

देवबागचो झील:
फायनल! उद्याच धाडून दिया. दाढी काडूक देव नको.