‘पन्नास तीन’ की ‘त्रेपन्न’?

शिक्षिका, हडपसर: काल दुसरीच्या वर्गात ‘त्रेपन्न लिहा’ म्हटलं. सात-आठ वह्यांत ३५! मुलांचं चुकलं असं मला वाटत नाही. शब्दात तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र पाच आधी. ‘एकोणसाठ’ तर त्याहून अवघड, तिथे नऊ ऐकूच येत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना किती ऐकून घ्यावं लागलं. मला ती पद्धत आजही पटते.

आजोबा, सदाशिव पेठ: मला नाही पटत. मंडईत भाजीवाली त्रेपन्नच म्हणणार. आम्ही उजळणी घोकूनच शिकलो, पावकी-निमकीसकट. पोरांना जड जातं म्हणून भाषा का मोडायची?

शिक्षिका, हडपसर: काका, मोडायची नाहीच. जुने शब्द पुस्तकातही होते. जर्मनमध्येही ‘तीन आणि पन्नास’ असंच म्हणतात आणि तिथल्या लहान मुलांच्या लेखनात अशाच उलट्या चुका अभ्यासकांना सापडल्या आहेत. चिनी भाषेत ‘पाच-दहा-तीन’. तिथल्या मुलांना दशक-एकक लवकर उमगतं, असं अनेक अभ्यास सांगतात.

एक पालक, कोथरूड: इथे थोडं थांबा. चिनी मुलं पुढे असतात ती फक्त शब्दांमुळे, हे कसं ठरवणार? घरचा सराव, शाळेतला वेळ, सगळंच वेगळं. आणि जर्मन मुलंही पुढे गणित शिकतातच की. माझ्या मुलीचा घोळ शब्द बदलून नाही, काड्यांनी सुटला. दहा-दहाचे पाच गठ्ठे, तीन सुट्या. आधी हाताळलं, मग चित्र काढलं, अंक शेवटी.

शिक्षिका, हडपसर: गठ्ठ्यांबद्दल शंभर टक्के मान्य. पण गठ्ठे मोजताना तिच्या तोंडी काय आलं असेल? ‘पन्नास... आणि तीन.’ तेच मी मोठ्याने म्हणायला लावते, आणि लगेच ‘म्हणजे त्रेपन्न’ जोडते.

आजोबा, सदाशिव पेठ: दोन्ही शिकवणार असाल तर माझा विरोध निम्मा झाला. पण परीक्षेत त्रेपन्नच विचारा. नातवाला हिशेब माझ्याशीही बोलता यायला हवा.

एक पालक, कोथरूड: बाई, एक कराल? दिवाळीपर्यंत दर शनिवारी दहा संख्यांचं श्रुतलेखन घ्या आणि उलटे अंक किती आले ते वहीत टिपा. आकडे इथे टाका, मग पुन्हा भांडू.