मदत हवी आहे : लाईट बिल एकदम साडेपाच हजार! मीटरची तक्रार कशी करायची?

विश्रामबागची_सून :
सांगलीत राहते. नेहमी सोळाशे-सतराशेच्या घरात येणारं लाईट बिल या वेळी साडेपाच हजार आलंय. घरात नवीन काही घेतलेलं नाही. एसी नाही, गिझर नाही, माणसं तीच पाच. डिसेंबर चालू आहे, पंखेसुद्धा बंद. मीटर पळतोय हे उघड आहे. तक्रार कुठे करायची तेवढंच सांगा, उपदेश नको. शुक्रवारी भरायची शेवटची तारीख आहे.

हरभट_रोड :
रुपये सांगून काय कळणार? युनिट किती? बिल किती दिवसांचं? मागच्या महिन्यात सरासरी लावून या महिन्यात खरं रीडिंग घेतलंय का? बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचं जुळतंय का?

मी_सुगरण :
फ्रिज भिंतीला चिकटलाय का? वीतभर पुढे ओढा. मागची जाळी तापली की कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

विश्रामबागची_सून :
४१२ युनिट, ३० दिवस. मागच्या महिन्यात १६० होते, तेही खरं रीडिंग. टॉर्च मारून बघितलं, आकडे जुळतात. फ्रिजचा काय संबंध?

हिशेबी_माणूस :
मग बिल बरोबर आहे. २०२४-२५ या वर्षाचे घरगुती दर वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचा खर्च) धरून असे : पहिल्या १०० युनिटला ५.८८, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२. म्हणजे ५८८ + २,२९२ + १,७६१ = ४,६४१. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, वर स्थिर आकार. झाले की साडेपाच हजार. युनिट अडीचपट झाले की बिल अडीचपट होत नाही, तिपटीच्या वर जातं, कारण वाढलेला प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यात पडतो. प्रश्न दराचा नाही. रोजचे आठ युनिट जातात कुठे, हा आहे.

कोयनाकाठ_कराड :
प्रश्न दराचाच आहे! धरण आमच्या पाटण तालुक्यात, गावं आमची उठली, आणि युनिटला पंधरा रुपये आम्हीच मोजायचे?

हिशेबी_माणूस :
कोयनेची सगळी मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. ती वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, सातारा-सांगलीसाठी वेगळी पिंपं भरून ठेवत नाहीत. यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

बचत_गुरू :
प्लगमध्ये लावायचं वीज बचत यंत्र मिळतं. चाळीस टक्के बिल कमी. मी वापरतो.

हरभट_रोड :
त्यात एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. घरगुती मीटर युनिट मोजतो, त्याला त्या डबीचा काडीचा फरक पडत नाही. तुमचं बिल कमी झालं असेल तर पोरं होस्टेलला गेली असतील.

बचत_गुरू :
एकच गेलाय. पण यंत्र चांगलं आहे.

छतावर_ऊन :
ताई, एकदाच काय ते सोलर बसवा आणि मोकळ्या व्हा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आलीय, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. माझं बिल आता नावाला येतं.

विश्रामबागची_सून :
सोलर आहे हो आमच्याकडे! सहा वर्षं झाली. मी विचारतेय काय, तुम्ही सांगताय काय.

छतावर_ऊन :
हे आत्ता सांगताय? किती किलोवॅट? घेतलेली-दिलेली वीज मोजणारा नेट मीटर कधी लागला?

विश्रामबागची_सून :
कसला नेट मीटर? पाण्याचा सोलर. आंघोळीचा, २०० लिटर. त्याला कुठे वीज लागते? म्हणून तर गिझर नाही म्हटलं.

जुना_वायरमन :
थांबा. ताई, त्या सोलरला बॅकअपची कॉइल आहे का? पावसाळ्यात पाणी कसं तापवता?

विश्रामबागची_सून :
पावसाळ्यात एक बटण दाबतो. पण ते आता बंद आहे. त्याचा लाल दिवा लागलेला नाही.

जुना_वायरमन :
दिव्यावर विश्वास ठेवू नका, बटणातला निऑन काही वर्षांत मरतो. २०० लिटर पाणी पंचवीसवरून साठ अंशांवर न्यायला साधारण आठ युनिट लागतात. तुमचे आठ युनिट ते हेच. पहाटेच कॉइलनं पाणी तापवून ठेवलं की दिवसा उन्हाला करायला काही उरतच नाही. उद्या आंघोळी उरकल्यावर लगेच घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, फक्त ते बटण आहे तसं ठेवा. मेन चालू राहू द्या. मग मीटरवरचा बारीक लाल दिवा बघा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो) लिहिलं असेल आणि दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकला, तर २ किलोवॅट ओढतंय.

तासगावचा_बागायतदार :
मधे चार दिवस आभाळ आलं होतं तेव्हा कुणीतरी दाबलं असणार. आम्ही त्या चार दिवसांत द्राक्षाला तीनदा औषध मारलं. डाऊनी (केवडा रोग) गेला का विचारू नका.

मी_सुगरण :
फ्रिज ओढून बघितला का?

विश्रामबागची_सून :
बघितलं. सगळं बंद करून मीटरपाशी उभी राहिले. दिवा लुकलुकतच होता, मोजायलासुद्धा दम मिळेना. मुलानं जिन्यात जाऊन ते बटण बंद केलं आणि दिवा थांबला. बटण गच्चीच्या जिन्यात, झाडूच्या मागे. सासरे म्हणतात ढगाळ होतं तेव्हा ह्यांनी दाबलं, हे म्हणतात मी जिन्यात गेलोच नाही. बिल आज भरलं. जुना वायरमन काका, मनापासून आभार.

जुना_वायरमन :
ते बटण बदलून घ्या, दिवा लागणारं. कॉइलला पांढरा थर बसला असेल तर तीही साफ करून घ्या, तुमच्याकडे पाणी बोअरचं असेल.

कोयनाकाठ_कराड :
आमच्याकडेही पाण्याचा सोलर आहे आणि बिल वाढलंय. बटण नेमकं कुठं असतं ओ? जिन्यात तर काही दिसंना.

जुना_वायरमन :
युनिट किती आलेत ते आधी सांगा.