टोमॅटोची गोष्ट आणि दोन दिवसांत थेरपिस्ट

चिंचेचं_झाड: 'दोन दिवसांत हिप्नोथेरपिस्ट व्हा, फक्त गोष्टी सांगायला शिका' ही पोस्ट कालपासून डोक्यात जातेय, म्हणून हे लांबण. मी केलाय असला संमोहनाने उपचार शिकवणारा कोर्स, सर्टिफिकेट पडलंय माळ्यावर. सगळं एरिक्सनच्या नावावर खपवतात. अहो, मिल्टन एरिक्सन हा अमेरिकेतला, संमोहन वापरणारा सायकियाट्रिस्ट होता, १७ व्या वर्षी पोलिओने आडवा पडला तेव्हा महिनोन्‌महिने घरातल्यांचं बोलणं-चालणं न्याहाळत होता. कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाला त्याने टोमॅटोच्या रोपाची गोष्ट सांगितली आणि मधेमधे 'आराम', 'शांत' असले शब्द पेरत गेला, पण टोमॅटोच का? कारण तो माणूस फुलझाडंवाला होता! आमच्या सरांनी तोच टोमॅटो सरसकट सगळ्यांना वाढला.

माइंडकोच_नाशिक: डिग्री असली की सगळं येतं का? माझ्या क्लायंटना झोप लागतेय. आजी गोष्ट सांगून झोपवायची, तिच्याकडे लायसन होतं?

रात्रपाळी: आजी फी घेत नव्हती. माझ्या मावसबहिणीला अशाच एकाने 'बंद दार उघड, आत जा' करत नेलं, आत काय होतं ते तिलाच माहीत, पुढच्या चार रात्री ती दिवा लावून बसली आणि साहेब फोन उचलेनात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची (RCI) नोंदणी लागते, तुम्हाला काय लागतं? बॅनर?

मांडवीकाठ: अमेरिकेच्या आरत्या पुरे. संमोहनवाला पाद्री आबे फारिया आमच्या गोव्यातल्या कांदोळीचा, जन्म १७५६. १८१३ पासून पॅरिसमध्ये सांगत होता की माणसाला गुंगीत नेणारी चुंबकशक्ती वगैरे काही नसतं, जे होतं ते समोरच्याच्या मनातून होतं. पणजीत पुतळ्यासोबत सेल्फी काढता, कोणाचा ते ठाऊक नसतं.

तिरकस_पुणेकर: पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना ज्याची दातखीळ बसली तोच ना? बापाने हळूच म्हटलं म्हणतात, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी', म्हणजे समोरचे लोक नुसती भाजी समज, आणि गडी सुटला. चक्क मराठी!

मांडवीकाठ: कोंकणी!! दरवेळी हेच तुमचं. कातर म्हणजे काप, तुम्ही भाजी 'कातरता' का घरी?

तिरकस_पुणेकर: आमची आज्जी विळीवर कातरायचीच.

मांडवीकाठ: मग आज्जी आमच्याकडची असेल.

चिंचेचं_झाड: अरे भांडा, पण माझाच मुद्दा आला की त्यात. बापाने पोर्तुगीजमधून धीर दिला नाही, घरच्या बोलीतली भाजी काढली. आमच्या कोर्सला वर्ध्याच्या एक ताई होत्या, सर आवाज खोल करून 'तुम्ही समुद्रकिनारी आहात, लाटा येतायत' आणि ताई डोळे उघडून म्हणतात, 'सर, मी समुद्र पाह्यलाच नाही ना जी.' सर म्हणाले रेझिस्टन्स आहे, म्हणजे ताईंचं मनच विरोध करतंय!

माइंडकोच_नाशिक: बरं बाबा, तुम्ही विद्वान. समुद्र काढतो स्क्रिप्टमधून. वर्ध्याकडे विहीर चालेल?

रात्रपाळी: विहीर?? आधी हिस्ट्री घ्या हो तिची.